डब्यातला वाटा

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी सहाला लातूर सोडलं. अंबाजोगाईला पोचेपर्यंत उन्हं वर आली होती. केजच्या पुढं मुलगी भूक भूक करायला लागली, म्हणून मांजरसुंब्याच्या अलीकडं रस्त्याकडेच्या एका हॉटेलासमोर गाडी लावली. दाराला झेंडूचं तोरण लक्ष्मीपूजनाचंच होतं, दोन दिवसांत त्याच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. आत गेल्या गेल्या उदबत्ती, तळलेली मिरची आणि फिनाइल यांचा एकत्र वास आला. आम्ही चुरमुऱ्यांची सुशीला आणि धपाटे मागवले. वाढायला आलेला पोरगा एकोणीस-वीसचा असेल. दही संपायच्या आत त्यानं न सांगता दुसरी वाटी आणून ठेवली. मुलीला सुशीलेतल्या मिरच्या वेचून काढताना पाहिलं तेव्हा आत जाऊन तिच्यासाठी वेगळी, बिनमिरचीची मूठभर परतून आणली. सणाच्या दिवशी घर सोडून दुसऱ्यांच्या घरच्यांना वाढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो एक कोरडेपणा येतो, तो त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. बिल चारशे वीस झालं. ते मी फोनवरून भरलं. मग पाकिटातून दोनशेची नोट काढली, त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "भाऊबीज आहे, राहू दे तुला."

त्यानं नोट कपाळाला लावली आणि हसला. मग सरळ गल्ल्याकडं गेला, नोट वर धरून मॅनेजरला दाखवली, मॅनेजरनं वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि पोरानं ती नोट घडी घालून गल्ल्यामागच्या फळीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात ढकलली. तेलाचा पाच लिटरचा जुना डबा. वरच्या पत्र्याला फट पाडलेली, बाजूला एक छोटं कुलूप, अंगावर हळदीकुंकवाची बोटं.

मला ते लागलं.

हात धुऊन परत येताना मी त्याला गाठलंच. म्हटलं, "अरे, ते तुला दिले होते मी." तो जरा गोंधळला. "हो काका. पण मव्हं एकट्याचं नाई ते. डब्यातच टाकावं लागतंय." मी विचारलं, नाही टाकले तर? त्यानं मान वळवून मागच्या दाराकडं पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. पलीकडं मोरीवर दोन बायका पाटावर बसून ताटं घासत होत्या, त्यातल्या एकीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. "मग मला ताट कोण घासून देईन वेळेवर?" तो म्हणाला. पुढं म्हणाला, "तुळशीचे लग्नं उरकायच्या आत फुटतोय डबा. पुनवेच्या आदल्या दिवशी. सगळ्यांसमोर मोजतेत." मी निघालो तेव्हा त्यानं मागून एवढंच सांगितलं, "फोनवर टाकत जाऊ नका काका, नोटच देत जा. फोनवरचं मालकाच्या खात्यात जातंय, आन् मग मागावं लागतंय."

घाट उतरताना समोर ऊसतोडीला निघालेल्या दोन ट्रकांच्या मागं आम्ही अडकलो. सामानाच्या ढिगावर बायका, लेकरं, पत्र्याची पेटी, कोंबड्यांची डालगी, कडेला दोरीनं बांधलेली पाण्याची टाकी. दिवाळीचा फराळ एखाद्या डब्यात बांधून घेतला असणारच. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, आपल्याकडं जे पाणी झालं त्यानंतर यंदा किती घरांत फराळ झाला असेल ही शंकाच आहे. सोयाबीन शेतातच सडलं, काही ठिकाणी तर मातीच उरली नाही. बायको शेजारून म्हणाली, तो पोरगाही असाच कुठल्या तरी वाहून गेलेल्या शेतातला असेल. मी मान हलवली. पण माझं लक्ष त्या ट्रकमधल्या बायकांकडं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घ्यायला जातो तो नवरा. किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, हे त्या कोयत्याच्या दुसऱ्या अर्ध्याला पुष्कळदा सीझन संपतानाच कळतं, आणि तेही तोंडी. आमच्याकडं हिशेबाची कागदं घेऊन येणाऱ्या लोकांत मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. त्या दिवशी मात्र ट्रकच्या मागं हळूहळू उतरताना ते आठवून घशाशी काहीतरी आल्यासारखं झालं.

आणि तरीही मनातला खरा सल तो नव्हता. खरा सल असा होता की माझे दोनशे रुपये मला एका चेहऱ्याला द्यायचे होते. दही आणणाऱ्या, मिरच्या बघणाऱ्या त्या पोराला. त्यातले पन्नास तंदूरवाल्याला, वीस वॉचमनला गेले असतील, आणि मला त्यांचं काही आठवत नव्हतं. देणाऱ्यालाही काहीतरी हवं असतं. निदान मला हवं होतं.

आमच्या घरी याला टिप म्हणत नसत. वडील 'पोस्त' म्हणत. दिवाळीची पोस्त. आता हा शब्द माझ्या मुलीला माहीत नाही, आणि ऑफिसमधल्या पोरांना सांगितला तर ते पोस्टमन समजतात. एका अर्थी बरोबरच समजतात, कारण पोस्त मागायला पहिला पोस्टमनच यायचा. नरकचतुर्दशीला उटण्याचा वास अजून अंगावर असताना दारात सायकलची घंटी. मग लाईनमन, मग दूधवाला, मग गल्ली झाडणारी बाई. वडिलांनी आदल्या रात्री कागदाच्या घड्या करून ठेवलेल्या असायच्या, प्रत्येक घडीवर पेन्सिलीनं खूण. पोस्टमनला पाच, लाईनमनला पाच, झाडणाऱ्या बाईला दोन. कोणाला किती हे कसं ठरलं, असं मी एकदा विचारलं होतं. वडील म्हणाले, पहिल्यापासून तसंच आहे. पोस्टमनच्या हातात घडी पडायची. झाडणाऱ्या बाईच्या पदरात आजी ती वरून सोडायची, आणि चिवड्याचा पुडाही वरूनच. पुडा एकदा पदराच्या काठाला लागून खाली पडला आणि फुटला. बाईनं पायरीवर बसून चुरमुरे, दाणे, खोबऱ्याचे काप एकेक वेचून घेतले. मी सात-आठ वर्षांचा असेन. दारातल्या रांगोळीतही थोडा चिवडा सांडला होता, तो मात्र तिनं उचलला नाही, रांगोळी पुसली जाईल म्हणून. आजी मायाळू होती, माझ्यावर तिनं जिवापाड प्रेम केलं. तरी दिवाळी आली की तिची आठवण त्या सांडलेल्या चिवड्यासकट येते.

तेव्हा चेहऱ्याला द्यायचं म्हणजे काय, हेही मी पाहिलेलं आहे. पोस्टमनला चेहरा होता. वडील त्याला बसवून चहा द्यायचे, त्याच्या पोराच्या शाळेची चौकशी करायचे. झाडणाऱ्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही.

संभाजीनगरला पोचलो तेव्हा ताईनं पाट मांडून ठेवला होता. ओवाळून झालं, ताटात पैसे ठेवले, ते तिनं न मोजता देव्हाऱ्यापुढं सरकवले. जेवताना भाचीचा इंग्लंडातल्या लेस्टरहून व्हिडिओ कॉल आला. ती तिकडं शिकायला गेली आणि शनिवार-रविवार एका रेस्टॉरंटात काम करते. मी सहज तिला सकाळची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "मामा, पोरगा बरोबर वागला. आमच्याकडं पण सगळं एकत्रच होतं." मग तिनं जे सांगितलं ते मी जेवण सोडून ऐकलं. तिथं यासाठी २०२३ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू आहे. टिपमधला एक पैसाही मालकाला ठेवता येत नाही. मिळाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वाटून द्यावी लागते. वाटणी कशी करणार ते लेखी ठरवून कामगारांना पाहायला ठेवावं लागतं. नोंद तीन वर्षं ठेवावी लागते आणि कामगार ती मागू शकतो. मी म्हटलं, मग सुखच आहे की. ती हसली नाही. म्हणाली, "सारखं वाटा असं कायदा म्हणत नाही मामा, न्याय्य वाटा म्हणतो. न्याय्य म्हणजे काय यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. गेल्या ख्रिसमसच्या आधी, टर्म चालू असताना, मोठमोठ्या पार्ट्या होत्या, पाय सुजले माझे. वाटणी तासांवर झाली, आणि माझे तास कमी, कारण मी विद्यार्थी. टर्ममध्ये जास्तीचे तास मला कामच करता येत नाही." थोडं थांबून म्हणाली, "पण कागद भिंतीवर आहे. तो दाखवून भांडता येतं."

कागद दाखवून भांडता येतं. रात्री ताईच्या घरी झोप लागेना, वर पंखा कुरकुरत होता, आणि मला एक जुनी बरणी आठवत होती.

१९९३ साली मी बारावी होऊन लातुरात कॉमर्सला आलो. गाव अहमदपूर तालुक्यात. घरून महिन्याला येणारे पैसे खोलीभाड्यात जायचे, म्हणून संध्याकाळी सहा ते रात्री अकरा एका हॉटेलात मोरीवर उभा राहायचो. सोड्याच्या गरम पाण्यानं बोटांची कातडी सोलून निघायची, रात्री लिहायला बसलं की पेनाचा दांडा झोंबायचा. ३० सप्टेंबरची पहाट भूकंप घेऊन आली आणि सगळंच बदललं. पुढचे दोन महिने लातुरातल्या लॉजमध्ये, हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबई-पुण्याचे पत्रकार, इंजिनिअर, डॉक्टर, परदेशी संस्थांची माणसं, ट्रक घेऊन आलेले स्वयंसेवक. किल्लारीहून, सास्तुरहून धुळीनं माखून यायचे, मुकाट्यानं जेवायचे आणि जाताना ताटाखाली नोट ठेवून जायचे. दहाची, वीसची, कधी पन्नासची. एरवी आमच्याकडं टिप म्हणजे बडीशेपेच्या बशीत राहिलेले सुट्टे. त्या दिवसांत लोकांना बहुधा कोणाला तरी काहीतरी द्यावंसं वाटत होतं, आणि समोर आम्ही होतो. गल्ल्यावर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी होती, तिच्यात सगळं जमा व्हायचं. दिवाळीला फोडू, सगळ्यांना वाटू, असं मॅनेजरनं सांगितलेलं. बरणी काचेची असल्यामुळं ती भरत चाललेली आम्हाला दिसायची. मोरीतून ताटं घेऊन बाहेर आलो की माझी नजर आधी तिच्यावर जायची. माझ्या वाट्याला साठेक रुपये येतील असा अंदाज मी मनात बांधला होता. त्यात अकाउंटन्सीचं पुस्तक येत होतं, सेकंडहँड.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बरणी रिकामी होती. धुऊन पालथी घातलेली. मॅनेजर म्हणाला, "पैसे किल्लारीला पाठवले. तिकडं माणसं उघड्यावर आहेत, आपण काय वाटून घ्यायचं?"

कोणी काही बोललं नाही.

बोलणार काय? आमचा तंदूरवाला औशाच्या पलीकडचा होता, त्याचा सख्खा भाऊ आणि भावाची दोन लेकरं त्यात गेली होती. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो खाली बघून पीठ मळत होता. मळतच राहिला. मला आजही माहीत नाही की ते पैसे खरोखर गेले की नाही. गेलेही असतील. तो मॅनेजर काही वाईट माणूस नव्हता, मला परीक्षेच्या वेळी चार दिवस सुट्टी त्यानंच दिली होती. आणि त्यानं जर आदल्या दिवशी बरणी आमच्यामध्ये ठेवली असती, मोजली असती, एवढे झाले म्हणून सांगितलं असतं आणि विचारलं असतं, तर आमच्यातल्या एकानंही नाही म्हटलं नसतं. मी तर नक्कीच दिले असते. ते साठ रुपये माझे होऊन मग माझ्या हातानं किल्लारीला गेले असते. त्यानं ते देणंच माझ्याकडून काढून घेतलं. बत्तीस वर्षं झाली. मला पुस्तकाची फिकीर नाही, पुस्तक पुढं मिळालं. ती न मोजलेली बरणी जात नाही.

आता माझा धंदाच हिशेबाचा. जीएसटीचे रिटर्न, ताळेबंद, नोटिसांना उत्तरं. लातूर-बीडकडची पाच-सात हॉटेलं, लॉज माझ्याकडं आहेत. तेल किती लागलं, गॅस किती, फुटलेल्या कपांचा खर्च किती, सगळ्याला रकाना असतो. टिपला नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला की गिऱ्हाइकानं कार्डावर दिलेली टिप मालकानं कामगारांना वाटली तरी तो पगार होत नाही, त्यामुळं मालकानं त्यावर पगारासारखा टीडीएस कापायचं कारण नाही. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी हा निकाल तेवढ्यापुरता वाचला आणि फाइल बंद केली. मीही तेच केलं. पण त्यात न्यायालयानं हेही म्हटलेलं आहे की असे पैसे मालकाच्या हातात येतात ते विश्वस्ताच्या नात्यानं. ते त्याचे नसतात, फक्त त्याच्याजवळ असतात. हे वाक्य मी कुठल्याच मालकाला वाचून दाखवलं नाही. कोणी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. बिलात परस्पर लावलेल्या सर्व्हिस चार्जबद्दल पुष्कळ बोललं गेलं. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो सक्तीनं लावू नका म्हणून सांगितलं, हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूनं लागला, ते चांगलंच झालं. गिऱ्हाइकानं आपण होऊन दिलेले पैसे पुढं मोरीपर्यंत पोचतात का, हा प्रश्न तिथंच राहिला.

दिवाळीचा बोनस म्हणावा तर १९६५ च्या कायद्यात पुढं दुरुस्ती होऊन तो किमान ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, साधारण एक महिन्याचा पगार. २०१९ च्या वेतन संहितेनंही तोच आकडा ठेवला. पण तो वीस किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी. मी आयुष्यात १९ नावांची किती मस्टरं पाहिली असतील, मोजदाद नाही. मोरीवरच्या बायकांची नावं त्यात बहुतेक वेळा नसतात. त्या 'रोजानं' असतात. दहा-दहा वर्षं रोजानं. मग उरतो तो डबा.

आणि तो डबाही आता आटायला लागलाय. पूर्वी साडेचारशेचं बिल झालं की माणूस पाचशेची नोट द्यायचा, उरलेले पन्नास परत येताना त्यातले वीस बशीत राहायचे. परत येणाऱ्या पैशात वेटरचा वाटा असायचा. आता फोन दाखवला की ४२० म्हणजे ४२०, ना एक रुपया जास्त ना कमी. उरणं नाही तर बशीत राहणंही नाही. ज्याला द्यायचंच असतं तो ४५० टाकतो, आणि वरचे तीस कुठं गेले हे त्यालाही कळत नाही. तो पोरगा म्हणाला ते खरं आहे. मागावं लागतं. आणि एकोणीस वर्षांच्या पोरानं मालकाकडं मागायचं म्हणजे काय, ते मी मोरीवर उभा राहिलेला असल्यामुळं मला सांगायला नको.

आजोबा खळ्याच्या गोष्टी सांगायचे. ज्वारीची रास पडली की पाटलापासून मांगापर्यंत सगळे खळ्याभोवती उभे राहायचे आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मापं पडायची. सुताराला एवढं, लोहाराला एवढं, न्हाव्याला, परटाला, कुंभाराला. लपवाछपवी नाही, असं आजोबा अभिमानानं सांगायचे, आणि मलाही ते ऐकताना छान वाटायचं. मोठा झाल्यावर माझ्या वर्गातल्या एका मित्रानं त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्याचे आजोबा त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावी रात्र रात्र खळं राखायचे, आणि रास उचलून नेल्यावर मातीत मिसळलेलं मातेरं त्यांच्या वाट्याला यायचं. ते घरी नेऊन आजी पाखडत बसायची, खडे वेगळे, दाणे वेगळे. ते मातेरंही उघड्यावरच दिलं जायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून आजोबांची गोष्ट मला पूर्वीसारखी सांगता येत नाही. उघड्यावर मोजलं म्हणजे माप बरोबर झालं असं नाही. तरी बंद खोलीत झालेल्या वाटणीपेक्षा खळ्यावरची बरी, असंही मन म्हणतं, कारण निदान मित्राच्या आजोबांना आपल्याला काय दिलं जात नाही ते दिसत होतं. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी बसल्यात आणि त्यांचं अजून जमलेलं नाही.

बीडला माझं एक काम होतं. ते पौर्णिमेनंतर केलं असतं तरी चाललं असतं. मी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काढलं.

दुपारी साडेतीनला हॉटेलात पोचलो. ही वेळ हॉटेलात सामसुमीची असते, जेवणं उरकलेली, चहाची गर्दी व्हायची. दोन बाकडी जोडून त्यावर वर्तमानपत्रं अंथरली होती आणि मधोमध डबा. पोरानं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा आणला. मॅनेजरनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "बसलो तर चालेल का?" तो म्हणाला, "बसा की. त्यात काय लपवायचंय." कुलूप निघालं, डबा पालथा झाला. नोटांना तेलाचा जुना वास येत होता. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, मध्येच एखादी पाचशेची. त्यांचे गठ्ठे लागले. माझी दोनशेची त्यातली कुठली, हे मी थोडा वेळ शोधत होतो, मग सोडून दिलं. रोख निघाली १०,१८०. मॅनेजरनं खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं, त्याच्या मागं फोनवर आलेल्यांची यादी होती, तारखेसकट. ते झाले १,३४०. एकूण ११,५२०. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे.

मग हिस्से वाचले गेले. वेटर सहा, प्रत्येकी एक. कॅप्टन एक, वस्ताद म्हणजे मुख्य आचारी एक, तंदूर एक. स्वयंपाकघरातले दोन मदतनीस, पाऊण पाऊण. मोरीवर दोघी, अर्धा अर्धा. वॉचमन अर्धा. मालक नाही, मॅनेजर नाही. बारा हिस्से, हिश्शाला ९६०. हिशेब मी मनात मॅनेजरच्या आधी केला होता, सवयच ती. आणि ४८० या आकड्यावर मी अडकलो. दिवाळीच्या या दिवसांत त्या दोघींनी किती ताटं घासली असतील! पोरगा माझ्यासमोर अर्धा तास हसला आणि त्याचा एक, त्या दिवसभर सोड्यात हात घालून बसल्या आणि त्यांचा अर्धा. तोंडावर आलं होतं विचारायचं. पण माझं तिथं नातं काय? दोनशे रुपये दिलेला गिऱ्हाईक. एवढ्यात तो पोरगाच मॅनेजरला म्हणाला, "मामा, मोरीचा पाऊण करा म्हणलो होतो मी दसऱ्याला." एक वेटर कुरकुरला, गिऱ्हाइकाच्या शिव्या कोण खातंय मग? वस्ताद म्हणाला, पुढच्या डब्यापासून बघू. मॅनेजरनं वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

नोटांचे वाटे लावायला त्यानं गठ्ठा उचलला. तेव्हा मागच्या दारातून आवाज आला. ती डोक्याला टॉवेल गुंडाळलेली मावशी चौकटीला टेकून उभी होती, कोपरापर्यंत हात ओले, बोटं सुरकुतून पांढरी पडलेली.

"एकडाव परत मोजा ओ," ती म्हणाली. "मला मागून दिसलं नाई."

मॅनेजरनं वर पाहिलं. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. त्यानं बाकडं अर्धा हात दाराकडं ओढलं, लावलेले गठ्ठे पुन्हा एकत्र केले, अंगठा जिभेला लावला आणि पहिल्या नोटेपासून सुरुवात केली, मोठ्यानं, एकेक आकडा म्हणत. मावशी पदराला हात पुसत दोन पावलं पुढं आली आणि नोटांवर नजर ठेवून उभी राहिली. तिचे ओठ आकड्यांबरोबर हलत होते.